त्यात काय एवढं!

आमच्या हॉलच्या छताचा दिवा सैल झाला तो गणपतीत. पाचव्या दिवशी रात्रीच्या आरतीला तो टाळ्यांच्या ठेक्यात हलताना धाकटीने पाहिला, म्हणून तारीखसुद्धा सांगता येते. "बाबा, दिवा डोलतोय," ती कुजबुजली. आईने मिटलेले डोळे न उघडताच सांगितलं, "डोलणारच. मूर्तीच तशी प्रसन्न आहे यंदा." त्यामुळे पुढचे पंधरा दिवस हा विषय अध्यात्माच्या खात्यावर जमा होता.

दसऱ्याला दिवा दोन बोटं खाली आला. दिवाळीत कळलं, की एका बाजूचा स्क्रू सुटलाय आणि दुधी काचेचा तो ताटाएवढा घुमट आता एक स्क्रू आणि दोन वायरी यांच्या भरवशावर आहे. 'टांगती तलवार' हा शब्दप्रयोग शाळेत मी वाक्यात उपयोग करण्यासाठी चार-पाच वेळा केला असेल. घरात तो इतका शब्दशः करावा लागेल, असं वाटलं नव्हतं.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की मग दुरुस्त का नाही केलात? डोंबिवलीच्या साडेपाचशे फुटांच्या घरात राहणारा माणूस असं म्हणणार नाही. तो आधी सोफा सरकवेल. आम्हीही सोफा दीड फूट सरकवला. आईची खुर्ची गॅलरीच्या दाराशी गेली. कॅरम बेडरूममध्ये गेला. वाऱ्याने दिवा हलतो म्हणून पंखा चारवरून दोनवर आला आणि ऐन एप्रिलमध्ये आम्ही 'उकाडा यंदा फार' असं एकमेकांना सांगत बसलो. घरातला प्रत्येक जण हॉलमधून जाताना मध्यभागी आल्यावर आपोआप डावीकडे वळसा घ्यायचा, रस्त्यात मोठा खड्डा असावा तसा. दिवा काही जागेवर बसला नाही. त्याच्याऐवजी आम्ही सगळे जागचे हललो.

त्याच्या बरोबर खाली एक खुर्ची मात्र राहिली होती. ती आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवली. खोटं कशाला बोलू, सगळ्या पाहुण्यांसाठी नाही. सोसायटीचे सेक्रेटरी मेन्टेनन्सची पावती घेऊन आले, की घरातला जो कुणी समोर असेल तो "या, या, इथे बसा, इथे उजेड चांगला आहे" म्हणून त्यांना तिथे बसवायचा. आठ महिन्यांत ते आठ वेळा बसले. आमच्या मनात काही वाईट नव्हतं. फक्त बसवायचो.

मराठी माणसाचं विजेशी नातं मुळातच घोटाळ्याचं. वीज गेली की तो 'लाइट गेली' म्हणतो, मग बंद पडलेला मिक्सर का असेना. बिल येतं ते लाइटबिल, त्यात दिव्यांपेक्षा गीझर आणि एसीचा वाटा कितीही मोठा असो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची २००५ साली विभागणी होऊन महावितरण जन्माला आलं, तरी आमच्या मजल्यावर अजून 'एमएसईबीला फोन लावा' हेच चालतं. कुणी घोळ घातला तर 'काय दिवे लावलेस?' आणि कुणाला उशिरा समजलं तर त्याची ट्यूब उशिरा पेटली. दिव्यांचा एवढा सोस असलेल्या या भाषेत प्रत्यक्ष दिवा पडायला आला, तर म्हणायला एकच वाक्य आहे : 'त्यात काय एवढं!'

हे वाक्य आधी वायरमनने म्हटलं. फोनवर.

"त्यात काय एवढं साहेब, दोन स्क्रूचं काम. दहा मिनिटांत येतो."

तीन आठवड्यांनी मी आठवण केली. तो कल्याणला होता. पुढच्या वेळी अंबरनाथला. मग बदलापूरला. गाडी उलट्या दिशेने चालली आहे हे माझ्या लक्षात आलं. शेवटी त्याने आपलेपणाने विचारलं, "पडला का?"

"नाही अजून."

"मग असू दे की. पडला की सांगा, लगेच येतो."

दोन स्क्रूच्या कामाला चार जिने चढून कुणी येत नाही, हे त्याचंही खरंच होतं. मग एका रविवारी सकाळी मी तेच वाक्य स्वतः उच्चारलं. "त्यात काय एवढं! मीच करतो."

हे वाक्य पुरुषाच्या तोंडून निघालं, की घरातल्या बायका जे करत असतील ते थांबवून हॉलमध्ये येऊन उभ्या राहतात. मी जेवणाचं टेबल मध्ये ओढलं. टेबलावर स्टूल चढवलं. तरी चार बोटं कमी पडत होती, म्हणून स्टुलावर दोन जाडजूड दिवाळी अंक ठेवले. अंकांचा असा उपयोग मी पहिल्यांदाच करत होतो आणि त्यांनी मला अक्षरशः उंचीवर नेलं असतं. भिंतीवरचं दिव्याचं बटण खटकन बंद केलं, तोंडात पेचकस धरला आणि टेबलावर एक पाय ठेवला.

ही शांतपणे म्हणाली, "अहो, यंदाचा विम्याचा हप्ता गेलाय ना?"

"बटण बंद केलंय मी."

"बटण तर बंद केलंत. पण ते बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे बघितलंत का?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली, तरी काही गोष्टी मी विसरतो. त्यातली एक म्हणजे, ही लाइनमनची मुलगी आहे. माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं पावसापाण्यात खांबांवर चढूनही ते दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन कऱ्हाडला राहतात. मी जमिनीवरचा दुसरा पाय उचलायच्या आत हिने त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या मनोऱ्यापुढे धरला.

अण्णांनी टेबल पाहिलं, स्टूल पाहिलं, दिवाळी अंक पाहिले. मग म्हणाले, "जावईबापू, आधी खाली या. विजेचं नंतर बघू, तुम्ही तिच्यापर्यंत पोचतच नाही."

मी खाली आलो. पुढचा पाऊण तास मी खालीच होतो. अण्णांच्या मते विजेचं काम नव्वद टक्के जमिनीवर उभं राहून करायचं असतं; वर चढणं हा नुसता शेवटचा उपचार.

बटणाचा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. बटण फेजच्या वायरीवर असावं असा नियम. पण वायरिंग करणाऱ्याने घाईत ते न्यूट्रलवर घातलं असेल, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो आणि होल्डरपर्यंतची वायर मात्र जिवंतच राहते. अंधारातला साप दोरीसारखा दिसतो ना, तसं. म्हणून बटणावर विसंबायचं नाही, मागचा एमसीबी पाडायचा.

एमसीबीच्या पेटीत आठ खटके होते. बिल्डरच्या माणसाने त्यांच्याखाली पेन्सिलीने लिहिलेल्या अक्षरांपैकी १९८९ सालापासून फक्त एक 'ळ' टिकला होता. तो कशातला, हे कुणालाच सांगता येईना. आमच्या घरात ळ असलेलं एकही उपकरण नाही. मग शोधमोहीम सुरू झाली. मी पेटीपाशी, धाकटी हॉलमध्ये, ही स्वयंपाकघरात.

"गेली का?"

"कुठली?"

"हॉलची!"

"हॉलची आहे. फ्रिजची गेली!"

"आता?"

"आता आजीचा गीझर गेला! आजी आत आहे!"

या गोंधळात शेजारच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'लाइट गेली आहे का सगळ्यांची?' असं विचारलं. आमच्या खटक्यांचा त्यांच्या घराशी काहीही संबंध नसताना सात जणांनी 'हो, आमचीही' असं कळवलं आणि एकाने एमएसईबीत फोन लावल्याचं सांगितलं. वीज असताना लाइट गेल्याचा अनुभव समूहाने घेण्याची ही पहिलीच वेळ असावी.

हॉलचा खटका सापडला. धाकटीने आठही खटक्यांखाली चिकटपट्टी लावून सुवाच्य नावं लिहिली. ३७ वर्षांत न झालेलं हे काम वीस मिनिटांत झालं. पेटीतलं एक रुंद खोकं मात्र उरलं. त्याच्यावर बारीक बटण, त्यावर इंग्रजी 'टी'. मी त्याला आजवर पेटीची शोभा समजत होतो.

"तो आरसीसीबी," अण्णा म्हणाले. "एमसीबी वायरी जळू नयेत म्हणून असतो, हा माणूस जळू नये म्हणून. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, याचा हिशोब ठेवतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातोय, की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं तोडतो. टेस्टचं बटण कधी दाबलंय?"

मी दाबलं. अख्ख्या घराची लाइट गेली. आत आईची पुन्हा हाक आली. "म्हणजे चांगला आहे," अण्णा खूश होऊन म्हणाले. पुढे त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या तोंडचा पेचकस मी खिशात ठेवला. साधा ९ वॉटचा एलईडी दिवा २३० व्होल्टवर साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. त्याहूनही कमी करंट छातीतून गेला, तरी माणसाचं काळीज बंद पडू शकतं. आपल्याला वाटतं, मारायला मोठी वीज लागते. आपल्याला विझवायला एका लहान दिव्याचा उजेडसुद्धा जास्त होतो.

मग आलं परमिट. खांबावर चढायच्या आधी लाइन बंद केल्याचं परमिट घ्यायचं, ही अण्णांची पस्तीस वर्षांची सवय. मी वर असताना खाली कुणीतरी सहज खटका वर करतो आणि मग सहज दहावं-तेरावं करतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पाडलेल्या खटक्यावर चिकटपट्टी मारायची आणि पेटीवर पाटी लावायची. धाकटीने दहावीच्या वहीचं पान फाडून लाल स्केचपेनने लिहिलं : 'वर माणूस आहे. हात लावू नये.'

ही पाटी वायफळ नव्हती, हे अर्ध्या तासात कळलं. आदल्या रात्रीच्या मालिकेचा भाग अकराला पुन्हा दाखवतात. टीव्ही लागेना म्हणून आई तरातरा पेटीपाशी गेली आणि तिने हात वर नेला. मग पाटी वाचली. एकदा छताकडे पाहिलं, एकदा पुन्हा पाटी वाचली. "वर देव असतो एवढं ऐकलं होतं," ती म्हणाली आणि हात मागे घेऊन खुर्चीत बसली.

चढण्यासाठी ॲल्युमिनियमची शिडी नको, ती विजेची मावशी. स्टुलांचे मनोरे नकोत. तळमजल्यावर रंगकाम चाललं होतं. तिथून रंगाऱ्याचा लाकडी घोडा आणला. पन्नाशीत घोड्यावर चढायची वेळ आली, असं मी म्हणालो. "पहिल्या वेळी तरी कुठे नीट बसला होतात!" असं ही म्हणाली आणि घोड्याचे पाय पकडून उभी राहिली. पायात कोरड्या रबरी चपला, हात कोरडे, मनगटावरचं घड्याळ आणि बोटातली पुष्कराजाची अंगठी काढून ठेवलेली. पुष्कराज करिअरसाठी होता. दिव्याच्या कामात त्याचा धोकाच जास्त.

"आता टेस्टर लावा," फोनमधून आवाज आला. "पण आधी स्वयंपाकघरातल्या चालू प्लगमध्ये लावून बघा, पेटतो का. मग वर. मग पुन्हा प्लगमध्ये. टेस्टर बिघडलेला असला तर तो प्रत्येक वायरीला मेलेलीच म्हणतो."

मी प्लगमध्ये लावला, पेटला. घोड्यावर चढलो. दिव्याच्या आणि छताच्या फटीतून जपून वायरीच्या टोकाला टेस्टर लावला.

पेटला.

हॉलचा खटका पडलेला, त्यावर चिकटपट्टी, पेटीवर पाटी, बटण बंद आणि टेस्टरमधलं ते नारिंगी टिंब माझ्याकडे बघून मिणमिणतंय. पाडलेल्या खटक्याला न जुमानणारी ही कुठली वीज, असा विचार करत मी दोन पायऱ्या खाली आलो. अण्णा फोनच्या पडद्यावर एकदम पुढे झुकले. त्यांचा फक्त कानच दिसत होता. "इन्व्हर्टर!" तो कान ओरडला.

बरोबर. लाइट गेली तरी हॉलचा दिवा आणि पंखा चालू राहावा, या सुखासाठी तीन वर्षांपूर्वी आम्ही चांगले पैसे मोजले होते. मी खटका पाडला तेव्हा त्या निष्ठावंत यंत्राला वाटलं, लाइट गेली आणि त्याने तत्परतेने आपली वीज वायरीत सोडली. १२ व्होल्टची बॅटरी म्हणून हसायचं नाही. इन्व्हर्टरमधून बाहेर पडताना तीही २३० व्होल्टच असते. आणि इथे तर आमचं बटणही न्यूट्रलवर निघालं, म्हणून ते बंद असूनही वर फेज हजर. वायरिंग करणाऱ्याची ३७ वर्षांपूर्वीची घाई आणि माझी तीन वर्षांपूर्वीची हौस, दोघी छतात एकत्र येऊन माझी वाट पाहत होत्या. रविवारी सकाळी मी टेबल, स्टूल आणि दिवाळी अंकांवरून हात घातला असता, तर पुढच्या दिवाळी अंकात माझ्यावर दोन ओळी आल्या असत्या, चौकटीत.

इन्व्हर्टर बंद केला, त्याचा भिंतीतला प्लग ओढून काढला. पुन्हा प्लग, दिवा, प्लग अशी टेस्टरची प्रदक्षिणा झाली. या वेळी वर अंधार. बटणाच्या उलट्या वायरी मात्र तुम्ही सोडवायच्या नाहीत, असं अण्णांनी बजावलं. दिवे, पंखे, बटणं जशीच्या तशी बदलण्यापुरती कायदा घरच्या माणसाला मोकळीक देतो. वायरिंगमध्ये फेरफार करायचा तर परवानाधारकच हवा. वायरीचं आवरण हाताला लागताच तुकडे होऊन पडत असेल, काळं पडलं असेल, छताला ओल असेल, तरीसुद्धा झाकून खाली उतरायचं. त्यात कमीपणा नाही. अण्णांच्या शब्दांत, "खाली उतरता येणं हीच लाइनमनची खरी कला. चढतं काय, माकडसुद्धा."

आधी काचेचा घुमट उतरवला. धाकटीने तो बाजूने उभं राहून घेतला, खालून नाही. आत गेल्या कित्येक पावसाळ्यांतले किडे, पहिल्या पावसात उडणाऱ्या वाळव्यांचे पंख आणि एक वाळलेली पाल निघाली. उजेड कमी पडतो म्हणून मी दिवा ९ वॉटचा काढून १२ चा आणि १२ चा काढून १५ चा लावला होता आणि कंपन्यांच्या नावाने बोटं मोडली होती. कंपन्यांचा काही दोष नव्हता. आम्ही पालीच्या आडून पेपर वाचत होतो. शिवाय बंद घुमटात जास्त वॉटचा दिवा आपल्याच उष्णतेने लवकर मरतो, ही माहिती मिळाली ती चार दिवे मेल्यानंतर.

मग घुमटामागचा पत्रा सोडवला. तो वायरीला लटकता ठेवायचा नाही, म्हणून सुतळीने घोड्याला बांधून घेतला. आणि स्क्रूच्या भोकात बोट घातलं तर बोटाला काड्या लागल्या. काडेपेटीच्या.

एका क्षणात सगळं कळलं. छताचा गिलावा असतो जेमतेम ६ मिलिमीटर. त्याच्या वर स्लॅबचं काँक्रीट. मूळ स्क्रू होता अर्ध्या इंचाचा. तो गिलाव्यातून काँक्रीटमध्ये पुरता पोचलाच नव्हता. भोक मोठं झाल्यावर कुणीतरी त्यात काड्या ठासून त्याच स्क्रूला पुन्हा पिळलं होतं. कुणीतरी म्हणजे बाबांनी. १९९३ साली हा घुमट त्यांनी दादरहून आणला आणि स्वतः लावला. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. घरातली प्रत्येक सैल गोष्ट ते काड्यांनी घट्ट करत : देवघराची बिजागरी, टेबलाचा पाय, चष्म्याची दांडी. मी त्या काड्या तळहातावर घेतल्या. 'त्यात काय एवढं' हे वाक्य माझ्याकडे कुठून आलं, त्याचा पुरावाच हातात होता.

"कसल्या काड्या रे?" आईने खालून विचारलं. मी तिच्या हातात दिल्या. तिने चष्मा लावून निरखल्या.

"या दोन जळक्या आहेत."

"देवघरातल्या असतील."

"देवघरातली पेटी मोठी. या लहान पेटीतल्या." ती थोडा वेळ गप्प बसली. "नव्वद साली सिगारेट सोडली म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती त्यांनी."

कुणीच काही बोललं नाही. अण्णांनी व्याह्यांची बाजू सावरण्यासाठी विषय विजेकडे वळवला. "अहो, कोयनेची वीज घ्या. सह्याद्रीच्या पोटात बोगदा खोदून तिथे ती तयार करायची. चंद्रपूरला कोळसा जाळायचा. शेकडो किलोमीटर मनोऱ्यांवरून, सबस्टेशनातून, ट्रान्सफॉर्मरमधून सांभाळून तुमच्या दारात आणायची. आणि शेवटच्या हातभर अंतरात ती टांगलेली कशाला? तर काडीला!"

"तीही जळक्या," आई म्हणाली.

ड्रिल मशीन आमच्या इमारतीत एकच. ते कुणाचं, हे आता कुणाला आठवत नाही. कुठल्या मजल्यावर आहे ते भोकं पाडल्याच्या आवाजावरून काढायचं. दुसऱ्या मजल्यावरून ते मिळवलं, स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन ओढली. ६ मिलिमीटरचं काँक्रीटचं पातं, त्यावर किती खोल जायचं त्या खुणेला चिकटपट्टी. पत्रा थोडा फिरवला, की जुन्या भोकांशेजारी नवी जागा मिळते. छतातली पाइप भिंतीवरच्या बोर्डाच्या दिशेने जाते, तेव्हा त्या रेषेत भोक पाडायचं नाही; पात्याला सळई लागली तर जोर करायचा नाही, बोटभर सरकायचं. मला पहिल्याच फटक्याला सळई लागली. बिल्डरने सळया घातल्या होत्या, याचा आनंद झाला.

छतात ड्रिल मारताना सगळी भुकटी आपल्या तोंडावर येते. डोळ्यांना धाकटीचा पोहण्याचा चष्मा लावला. सत्यनारायणाच्या पूजेतला उरलेला द्रोण मध्ये भोक पाडून पात्यावर ओवला, म्हणजे भुकटी त्यात साठते. घोड्यावर उभा, डोळ्यांवर गुलाबी चष्मा, हातात घरघरणारं मशीन आणि टोकाला द्रोण. ही खालून म्हणाली, "प्रसाद सांडू नका."

दोन भोकं, दोन प्लॅस्टिकच्या गिट्ट्या, ३५ बाय ८ चे दोन स्क्रू. स्क्रू शिरताना गिट्टी आत फुगते आणि काँक्रीटला कवळते. काडी नुसती दबून राहते आणि वाळली की हात सोडते. हाताने ओढून पाहिलं. छत खाली येईल, पत्रा येणार नाही. शेजारचं घर मात्र पीओपीच्या खोट्या छताचं आहे. तिथे ही गिट्टी चालत नाही. भुसभुशीत पीओपीत ती बोटाने निघते. वजन वरच्या स्लॅबला किंवा छतातल्या पत्र्याच्या पट्टीलाच द्यावं लागतं.

वायरी जोडताना तिसरी एक हिरवी वायर पाइपच्या तोंडाशी गुंडाळलेली सापडली, टोक कापलेलं. 'हिच्यावाचून दिवा पेटतो' म्हणून कुणीतरी तिला घरातून काढलं होतं. ही अर्थिंगची. रोज तिचं काही काम नसतं हे खरं. पण एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर तो करंट मुकाट्याने आपल्या अंगावर घेऊन जमिनीत नेणारी घरात ती एकटीच. तिला सन्मानाने पत्र्याच्या स्क्रूला जोडलं. उरलेल्या दोघी कनेक्टरमध्ये कसल्या आणि प्रत्येकीला हलकेच ओढून पाहिलं, कारण सैल जोड गरम होतो, चरचरतो आणि एक दिवस जाळतो. वर्षानुवर्षं हे घरातल्या माणसांबद्दल ठाऊक होतं, वायरींबद्दल आज कळलं.

धुतलेला घुमट बसवला. खाली उतरलो. घोडा बाजूला नेला. मगच पाटी काढली, खटका वर केला आणि बटण दाबलं. हॉलमध्ये असा उजेड पडला, की भिंतींचा रंग पिवळट आहे हे सगळ्यांना एकदमच दिसलं. ही भिंतीकडे आणि मग माझ्याकडे पाहायला लागली, तेव्हा मी घाईने घोडा परत करायला गेलो.

चढून स्क्रू पिळायला मला अकरा मिनिटं लागली होती. खाली उभं राहून तयारी करायला सव्वातीन तास. आणि ते सव्वातीन तास नसते, तर ती अकरा मिनिटं माझ्या आयुष्यात नुसती शेवटची ठरली असती. दुसऱ्या दिवशी उलट्या बटणासाठी वायरमनला फोन केला. त्याने विचारलं, "पडला का?" मी म्हटलं, "नाही. मी लावला." तो दहा मिनिटांत हजर झाला. घाबरून आला असावा.

सोफा जागेवर आला, कॅरम परत आला, पंखा चारवर गेला. वळसा मात्र अजून सुटलेला नाही. हॉलच्या मध्यावर पाय आपोआप डावीकडे जातात.

परवा सेक्रेटरी पावती घेऊन आले. या वेळी मी अगदी स्वच्छ मनाने, आठ महिन्यांचं प्रायश्चित्त घेतल्यासारखा, त्याच खुर्चीकडे हात केला. "बसा ना, इथे उजेड चांगला आहे."

ते खुर्चीपाशी गेले, मान वर करून घुमटाकडे पाहिलं आणि जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"अहो, इथे बसा. दिवा पक्का केलाय आता."

"असू दे. मी इथेच बरा."

मला राहवलं नाही. "आठ महिने तो वर लोंबत होता, तेव्हा तर खुशाल बसत होतात!"

"तेव्हा तो नुसता सैल होता हो," पावतीवर सही करत ते म्हणाले. "आता तुम्ही दुरुस्त केलाय म्हणे."